पाच फूट की साडेतीन

एम. जी. रोडच्या दुकानात
तौसिफनं काउंटरवर तीन टॅबलेट मांडले:
आठ इंची, दहा इंची,
आणि एक कुणीतरी परत केलेला, निम्म्या किमतीत,
कोपऱ्यात केसाएवढी चीर.
"भिंतीवर गेल्यावर दिसत नाही, खैरनार काका."
मी अंबडला एकतीस वर्षं स्विच तपासलेत.
मला दिसते.

आमच्याकडे एक यंत्र होतं,
एकेका स्विचला चाळीस हजार वेळा दाबणारं,
दिवसरात्र टक टक,
शेजारी मी, मांडीवर वही.
एवढं होऊनही ज्याचा आवाज बसला नाही, तो पास.
म्हणून विचारलं, "हा किती दाबल्यावर मरतो?"
तो हसला. "दाबायचं नाही काका. नुसतं टेकायचं."

टेकायचं.
देवळात कपाळ, तसं इथं बोट.

मग तो सांगत गेला, पोरगा हुशार आहे,
कायम चार्जिंगवर राहिला तर बॅटरी फुगते,
टम्म, तव्यावरच्या पोळीसारखी, आणि काच उचलते,
म्हणून ऐंशी टक्क्यांवर वीज तोडायची सोय हवी;
वायर भिंतीच्या पोटातून न्यायची,
नाहीतर घराला सलाईन लावल्यासारखं दिसतं;
आणि पश्चिमेच्या उन्हासमोर नको,
चार वाजता त्यात आपलंच तोंड दिसतं.
ऋजुता फोनवर, हेलसिंकीहून:
"दहा इंचीच घ्या बाबा, त्याचा कॅमेरा चांगला आहे.
म्हणजे मलाही इथून कळेल, गॅस-बिस."
बिसमध्ये काय काय येतं
मी विचारलं नाही.

हेमलता स्टुलावर बसलेली, पिशवी घट्ट धरून.
पिशवी धरलेला हात कमी हलतो.
"काकू, तुम्ही लावून बघा ना."
तिनं बोट नेलं.
समोरचा बल्ब लागला, गेला, लागला, गेला, निळा झाला.
त्याला वाटलं, चार जणी आल्यात.
एक गिऱ्हाईक हसणार होतं,
त्यानं इयरफोनचं पाकीट उचलून त्यावरची किंमत वाचली.

तौसिफ काही बोलला नाही.
सेटिंगमध्ये शिरला, बारके चौकोन सगळे काढून टाकले,
पंखा, गीझर, पडदे, हवेतली धूळ,
आणि अर्ध्या काचेएवढा एकच पिवळा ठेवला.
"एक सेकंद टेकवून ठेवलं तरच लागेल, काकू.
थरथर मोजणार नाही तो."
तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं.
एक सेकंद.
जन्मभर मोजत आलो
पण तो इतका लांब असतो, ठाऊक नव्हतं.
बल्ब लागला आणि लागलेलाच राहिला.

दहा इंची घेतला. चिरेचा नाही.

रविवारी पाथर्डी फाट्यावर, आमच्या हॉलमध्ये,
मिस्त्रीनं पाच फुटांवर पेन्सिलीची रेघ मारली.
"सगळीकडे डोळ्यांच्या लेव्हललाच असतो."
कुणाच्या?
मी थुंकीनं रेघ पुसली,
खुर्ची भिंतीशी आणली, तिला बसवली,
आणि तिचं बोट जिथं पोचलं तिथं खूण केली. साडेतीन.
खालचा जुना स्विच बुजवू का, म्हणाला.
तो आमच्याच कंपनीचा. राहू दे म्हटलं.
आता मी वाकतो, दिवसातून दहादा,
आणि कंबर काय म्हणते ते हेलसिंकीला ऐकू जातं की नाही, माहीत नाही.

परवा संध्याकाळी डीपी उडाली.
पारा नऊवर, खिडक्या बंद, अख्खी कॉलनी काळी.
टॅबलेट तेवढा जागा, स्वतःच्या बॅटरीवर,
आणि काचेवर शांत अक्षरं:
घर सापडत नाही.

हेमलतानं खुर्ची सरकवत नेली,
मनगट धरलं, बोट टेकवलं.
"अरे, हे काय, इथंच तर आहे," ती त्याला म्हणाली,
आणि बोट उचललं नाही.
मी तिच्या शेजारी चाचपडत
जुना स्विच खाली केला, टक,
उजेडासाठी नाही,
आवाज बसलाय का बघायला.